उशी घेऊन घर बघणारा माणूस

...नाही, पण मला सांगा, दिवसा झोपणारा माणूस हा काय माणूस नसतो? रात्री झोपणाऱ्यांसाठी सगळं जग पाय न वाजवता चालतं, कोणी जरा मोठ्याने बोललं की लगेच शेजारी खिडकीतून डोकं काढून हटकतात, आणि मी सकाळी दहा वाजता हात जोडून म्हटलं, जरा हळू, मला झोपायचंय, की समोरचा डोळे बारीक करून विचारतो, "आत्ता? का हो, बरं नाही का?" बरं आहे हो. उत्तम आहे. रात्रपाळी आहे. एवढं सांगितलं तरी तो जाताना बायकोला म्हणतोच, आळशी दिसतो.

बदली होऊन नवीन शहरात आलात की लोक काय विचारतात तुम्हाला? बाजार किती लांब, बस कुठे मिळते, पाणी किती वेळ येतं, ऊन कुठल्या खिडकीतून येतं. बरोबर? ह्या सगळ्या उभ्या माणसाच्या चौकशा आहेत. आडव्या माणसाचं कोणी विचारतं का? सकाळी अकरा वाजता, पडदे ओढून, डोळे मिटून पडलं की ह्या घरात काय काय ऐकू येतं, हे कोणी सांगतं का? नाही. आणि सांगणार कसं, ते सगळे तेव्हा कामावर असतात. तुम्हाला सांगतो, घर बघून कळत नाही हो, घरात झोपावं लागतं.

आता मी करतो काय, तर काचेच्या बाटल्यांचा कारखाना आहे, त्यात भट्टी सांभाळतो. भट्टी रात्रीची बंद करता येत नाही, बंद केली तर आतली काच थिजते आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागतं, म्हणून रात्री दहा ते सकाळी सहा एक माणूस तापमानाच्या काट्यांवर नजर ठेवून बसतो. तो मी. बारा वर्षं बसलो. मग वरून पत्र आलं, नव्या शहरात नवा कारखाना, मोठी भट्टी, तुम्ही प्रमुख. मी खूश, आमची ही खूश, सामान बांधलं, आलो. आणि हिला आल्या आल्या चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. नऊ वर्षं घरी होती हो ती. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी येऊन मला सांगायला लागली, आज एक आजीबाई आल्या होत्या, नंबर काढला, काच लावली, तर म्हणाल्या, अगंबाई, समोरच्या झाडाला पानं सुटी सुटी आहेत की. हे सांगताना हिचा चेहरा असा काही फुलला होता की मी मनात म्हटलं, ह्या बदलीचं सोनं झालं.

आणि मी? मी झोपलोच नव्हतो. कंपनीने तात्पुरती एक खोली दिली होती, खोली चांगली, पलंग चांगला, पण खिडकीखाली ट्रक मागे घ्यायची जागा. आणि ट्रक मागे घेणारा एक गृहस्थ होता, त्याचा गळा म्हणजे... "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, आणखी, आणखी, डावीकडे, डावीकडे... थांबा थांबा थांबा!" दर दहा मिनिटांनी. मला डुलकी लागली की स्वप्नातसुद्धा मी मागे मागे जायचो आणि 'थांबा' ऐकलं की दचकून उठायचो. अठरा दिवस. अठराव्या दिवसानंतरच्या पाळीला काट्यांसमोर माझा डोळा लागला, जेमतेम दहा मिनिटं, आणि चार हजार बाटल्या बाहेर आल्या त्या माना टाकून. एकजात सगळ्या, डाव्या खांद्यावर.

सकाळी शिफ्टच्या साहेबांनी बोलावलं. ते ओरडले असते ना, तर मला बरं वाटलं असतं. पण ते ओरडत नाहीत, हळू बोलतात. वाकडी बाटली टेबलावर ठेवली, तिच्याकडे बघत म्हणाले, "भट्टीवाले, सहा आठवडे बघतो. परत असं झालं तर जुन्या शहरात, जुन्या जागेवर. माझा राग नाही. पण बाटली सरळ हवी."

घरी येऊन हिला सांगितलं. ही चष्मा पुसत बसली, स्वच्छ चष्मा परत परत पुसत होती. मग म्हणाली, "तुम्हाला जावं लागलं तर जा. मी नाही येणार." भांडून नाही हो, आदळआपट नाही, साधं सांगितल्यासारखं सांगितलं. बारा वर्षं भट्टीसमोर बसलो, पण असा घाम मला कधी फुटला नव्हता. म्हणजे बघा, लोक संसार वाचवायला काय काय करतात, मला फक्त झोपायचं होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं.

मेहुण्याला फोन केला. हिचा भाऊ. त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर इलाज असतो. "भाऊजी, कानात कापूस घाला ना, त्यात काय एवढं." घातला. गच्च घातला. इतकी सुंदर झोप लागली की गजरच ऐकू आला नाही, कामावर दोन तास उशिरा पोचलो, आणि साहेब दारात उभे, हळू आवाजात काहीतरी बोलले, तेही ऐकू आलं नाही कारण कापूस कानातच होता. त्या दिवशी कापसाला रामराम केला आणि ठरवलं, आता घर. असं घर, असा मोहल्ला, जिथे दिवसा सामसूम असेल.

एजंट पकडला. माणूस वाईट नव्हता, पण त्याची सवय घरं संध्याकाळी दाखवायची. सहा वाजता मला एका गच्चीवर उभं केलं, "हवा बघा साहेब, हवा." मी म्हटलं, हवा राहू द्या, मला हेच घर उद्या सकाळी अकरा वाजता दाखवा. म्हणाला, "अकराला? तेव्हा काय दिसणार?" मी म्हटलं, मला बघायचं नाहीच, मला इथे झोपायचंय, दोन तास. तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा... त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, पिशवीत उशी होती, ती थोडी बाहेर आली होती. तो दोन पावलं मागे सरकला. अहो, लोक दुकानात चपला घालून बघतात, चार पावलं चालून बघतात, मग घेतात, आणि ज्या घरात माझं अर्धं आयुष्य पडून जाणार ते घर मी नुसतं बघून घेऊ? घर बघून कळत नाही हो, घरात झोपावं लागतं. हे त्याला पटवायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण पटलं. नाहीतर करतो काय, गिऱ्हाईक होतं.

मग सुरू झालं आमचं. सकाळी सहाला पाळी सुटली की मी आंघोळ, चहा, आणि काखेत उशी मारून निघायचो. एजंट किल्ली घेऊन उभा. मी रिकाम्या खोलीत चादर टाकायचो, आडवा व्हायचो, आणि तो बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा. त्याच्या फोनवरची बोलणी मला ऐकू यायची, "हां, हां, मी जरा कामात आहे. ते उशीवाले साहेब झोपलेत." झोपलेत कुठे! झोपू दिलं असतं तर ना.

पहिला मोहल्ला सगळ्यांनी शिफारस केलेला, "तिथे सगळी निवृत्त मंडळी, एकदम शांत." निवृत्त मंडळी शांत? कोणी सांगितलं? माणूस तीस वर्षं नोकरी करतो आणि तीस वर्षं बायको त्याला सांगत असते, ते कपाट जरा नीट करा, तो मनाशी म्हणतो, रिटायर झाल्यावर. ते सगळे झाले होते रिटायर. एकाच दिवशी एकाच वेळी सगळी कपाटं नीट होत होती. वर ड्रिल, खाली करवत, बाजूला ठोकाठोकी, मधूनच एक आवाज, "अहो, वाकडं लागलं." आणि दुसरा आवाज, "मग काढतो." आणि परत ड्रिल. चाळीस मिनिटांत चादर गुंडाळली.

दुसरा मोहल्ला नवाकोरा, उंच इमारती, नवरा-बायको दोघंही नोकरीला, सकाळी नऊला सगळे बाहेर. मी म्हटलं, बास, हेच. माणूसच नाही तर आवाज कोण करणार? पण माणसं गेली की मागे काय राहतं? कुत्री! प्रत्येक घरात एक. मालक लिफ्टमध्ये शिरला की हे सुरू, आठव्या मजल्यावरचं हाक मारतं, तिसऱ्या मजल्यावरचं ओ देतं, बाराव्यावरचं एक बारीक पिल्लू उगाच मध्ये बोलतं, आणि संध्याकाळी सहाला मालक घरी आला की सगळी गप, शेपट्या हलवत दारात. त्या मालकांना विचारा, शपथेवर सांगतील, आमचा मोती कधी भुंकत नाही. कसा कळणार त्यांना? ते झोपलेच नाहीत तिथे दिवसा.

तिसऱ्या ठिकाणी एक बाई शेजारणीला फोनवर सुनेची तक्रार सांगत होत्या, तिथे झोप लागली नाही ती माझ्यामुळेच, कारण सून नेमकी काय म्हणाली ते ऐकायला मी भिंतीजवळ सरकलो. ते जाऊ द्या.

चौथं मात्र... चौथं घर लागलं आणि जिवात जीव आला. पिवळी बैठी घरं, एका बाजूला मैदान, झाडं. चादर टाकली, डोकं टेकलं, आणि पुढचं काही आठवत नाही. उठलो तर पावणेचार. बाहेरच्या खोलीत एजंटसुद्धा भिंतीला डोकं टेकून गाढ. मी त्याला हलवून उठवलं आणि मिठी मारली. ठरलं. सोमवारी सकाळी दहाला इथेच करारावर सही. घरी येऊन हिला सांगितलं, सात तास झोपलो, सलग, डोळ्याला डोळा लागला, आपलं काम झालं. ही म्हणाली, "वा." आणि मग म्हणाली, "पण आज रविवार होता ना?"

मला त्यात काही वाटलं नाही बघा. तुम्हाला वाटलं का? ज्याला रोज रात्रीच काम, त्याला वाराचं भान कुठून असणार? सोमवारी दहाला मी पेन उघडलं, टोक कागदाला लावलं, आणि मैदानापलीकडच्या त्या लांबलचक इमारतीतून घंटा झाली. एक घंटा नाही, घणाघण. मग सहाशे पोरं एकदम बाहेर, मग शिट्टी, मग भोंग्यातून व्यायामाचे मास्तर, "एऽऽक, दोन, तीन, चार. हात वर. तिसऱ्या रांगेतला, हात वर म्हटलं, पाय नाही." मी एजंटकडे बघितलं. तो निरागस चेहऱ्याने म्हणाला, "शाळा जवळ आहे साहेब, हा तर फायदाच की." मी पेन बंद केलं. उशीवर डोकं ठेवून घर पारखणारा शहाणा मी, आणि पारखलं कधी, तर सुट्टीच्या दिवशी. इतका राग आला स्वतःचा. घर बघून कळत नाही, घरात झोपावं लागतं, आणि तेसुद्धा कॅलेंडर बघून.

पाच आठवडे संपले. एक उरला. कामावर मी उभ्याउभ्या चिमटे काढायचो स्वतःला, दंड काळानिळा. हिच्याशी बोलणं कमी झालं होतं. ती संध्याकाळी यायची तेव्हा मी निघायच्या गडबडीत, आणि दोघांनाही माहीत होतं की काय होणार आहे, आणि दोघंही भाजी चिरण्याबद्दलच बोलत होतो. मला फार एकटं वाटायचं तेव्हा, खोटं कशाला सांगू.

आणि मग एक दिवस ही दुकानातून आली ती चपला न काढताच माझ्यासमोर उभी. म्हणाली, "आज साडेपाचला एक नर्सबाई आल्या होत्या. डोळे तपासायला. मी म्हटलं, डोळे ताजे दिसतायत, तर म्हणाल्या, आत्ताच उठले, आठ तास झोप झाली." मी ऐकतोय. "मी विचारलं, राहता कुठे?" बघा आता. मी पाच आठवडे घरं बघत हिंडलो, उशीची पार चिंधी झाली, आणि हिने दुकानाच्या खुर्चीवर बसून एका माणसाचे डोळे बघितले आणि मोहल्ला शोधला. तिच्या दुकानापासून चालत सात मिनिटं. हेही तिने विचारून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो दोघं. मोठ्या इस्पितळाच्या मागे एक आखूड गल्ली, गल्लीत एक चार मजली इमारत. तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. सकाळचे दहा, आणि एकूण एक खिडकीला जाड, काळे पडदे. एकाही दाराला बेल नाही, बेलच्या जागी नुसती भोकं. प्रत्येक चौकटीला आतून रबर लावलेलं, दार आपटलं तरी आवाज नाही. पाण्याचा पंप संध्याकाळी सहाला. झाडू संध्याकाळी सहाला. दूधवाला संध्याकाळी. सगळी इमारत रात्रपाळीची! नर्सा, पाव भाजणारे, वर्तमानपत्र छापणारे, विमानतळावरचे सामानवाले. पिढ्यान्‌पिढ्या भटकून एखाद्याला आपला गाव सापडावा तसं झालं हो मला. एजंटच्या यादीत हे नव्हतंच, कारण इथून कोणी हलतच नाही.

आणि ह्या सगळ्यावर एक बाई. निवृत्त मेट्रन. पस्तीस वर्षं रात्रीची ड्युटी केलेली, अजूनही कुजबुजतच बोलतात, पण ती कुजबुज अशी की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. "दुसऱ्या मजल्यावरची एक रिकामी आहे," कुजबुजल्या. "तिथले गेले. दिवसपाळीला लागले." आणि एक उसासा सोडला, माणूस वाया गेल्यासारखा.

मी ऐटीत उशी पुढे केली. म्हटलं, बाई, माझं एक तत्त्व आहे, घर बघून कळत नाही, घरात झोपावं लागतं. बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाल्या, "आमचंही तेच आहे. माणूस बघून कळत नाही, झोपवून बघावा लागतो. उद्या नऊला या. तुम्ही आत झोपा. मी बाहेर बसते. वरखालचे आपापल्या पलंगावरून ऐकतील. चारला निकाल." मग वही उघडली, "एकच विचारते. घोरता का?"

मी म्हटलं, छे!

शेजारी उभी असलेली माझी बायको छताकडे बघायला लागली.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. मी घोरतो. म्हणजे मला काय माहीत, मी तेव्हा झोपलेला असतो, पण हिचं म्हणणं आहे की घोरतो. कपाटातल्या कपबशा हलतात म्हणे. आमचा संसार इतकी वर्षं टिकला तो ती रात्री झोपते आणि मी दिवसा, म्हणूनच. घरी आल्यावर ही म्हणाली, "खरं सांगून टाकायचं होतं." मी म्हटलं, खरं सांगितलं असतं तर उशी घेऊन पायऱ्या उतरत होतो आपण. म्हणाली, "उद्या उतरू."

मेहुण्याला फोन. "भाऊजी, सोपं आहे. शर्टाच्या पाठीला आतून चेंडू शिवायचा. उताणं झोपताच येत नाही, घोरणं बंद." हिने शिवला. मनातून नाराज, पण टाके मजबूत घातले. आणि माझा स्वतःचा बेत वेगळाच होता, मी झोपणारच नव्हतो. सात तास डोळे मिटून पडायचं, चारला जांभई देत बाहेर यायचं, घर हातात. भट्टीसमोर जागतो, मग इथे सात तास जागणं काय अवघड आहे?

नऊला आत गेलो. मेट्रनबाई जिन्यात खुर्ची टाकून, मांडीवर वही, घड्याळ. मी दार लावलं, चादर टाकली, चेंडूवर कुशी सांभाळत आडवा झालो. म्हटलं, आता जागायचं. पण ती शांतता... अहो, अठरा दिवस ट्रक ऐकले, मग ड्रिल, मग कुत्री, मग सहाशे पोरं, आणि आता काहीच नाही. कानाला सवयच नव्हती. मी एक, दोन, तीन मोजायला लागलो, जागं राहण्यासाठी. अकरापर्यंत मोजल्याचं आठवतंय.

जाग आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं. अंग हलकं, डोळे स्वच्छ, तोंडाला चव. कितीतरी महिन्यांनी असं वाटलं की आपण तरुण आहोत. आणि मग लक्षात आलं की मी उताणा आहे आणि चेंडू खोलीच्या त्या कोपऱ्यात पडलाय.

दार उघडलं. जिना माणसांनी भरलेला. नर्सा, छापखान्यातला एक, दोन सामानवाले, पाठीमागच्या खोल्यांत राहणारा जाडजूड पाववाला, आणि खालच्या पायरीवर आमची ही, दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आलेली. मी म्हटलं, बाई, मी खोटं बोललो. मी घोरतो. पहिल्यापासून घोरतो. मला घराची फार गरज होती, म्हणून बोललो, माझं चुकलं. ही तेवढ्यात वर आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "चेंडू मी शिवला होता."

मेट्रनबाईंनी वही उघडली. "नऊ वीसला सुरुवात," कुजबुजल्या. "चार दहाला बंद. मध्ये खंड नाही. चारही मजल्यांवर पोचलं, मधल्या डक्टमधून." मी उशी उचलायला वाकलो. तर पाववाला म्हणाला, "बाई, घर ह्यांनाच द्या."

काय झालं होतं माहिती आहे का? त्या इमारतीच्या पाठीमागे दहा महिन्यांपूर्वी पत्र्याच्या डब्यांचं वर्कशॉप निघालं होतं. पुढच्या खोल्यांना ऐकू येत नाही, पण मागच्यांना टाण... मग काही नाही... मग टाण टाण. कधी वाजेल नेम नाही. दहा महिने मागच्या बाजूची निम्मी इमारत उशीखाली डोकं खुपसून पडलेली. आणि त्या दिवशी माझं जे सुरू झालं, ते एकसारखं, एका लयीत, सात तास, त्याच्याखाली तो टाण टाण बुडूनच गेला. पाववाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. म्हणाला, "दहा महिन्यांनी झोपलो. बायकोने नाकाला हात लावून बघितलं, श्वास चाललाय ना." तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "मध्ये दोनच्या सुमारास जो खर्ज लागला ना, तो फार छान." मी मेट्रनबाईंना म्हटलं, म्हणजे वर्कशॉपचं तुम्हीही लपवलंत की. बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "मग फिटंफाट. किल्ली घ्या."

आणि तुम्हाला सांगतो, त्यानंतर काय एकेक दिवस! सहा आठवड्यांची मुदत संपली त्या सकाळी साहेबांनी एक बाटली उचलली, उजेडात धरली, फिरवली, सरळ म्हणजे सुतात. हळूच म्हणाले, "भट्टीवाले, राहा." मी तिथून चालत थेट चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक बसलेलं, मी सगळ्यांदेखत हिला म्हटलं, राहिलो. हिने गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्याच डोळ्यांना लावला आणि तिकडे तोंड फिरवलं. आता तिच्याकडे दुकानाची किल्ली असते. एजंट परवा रस्त्यात भेटला, त्याच्या मागून एक नवं जोडपं, नवऱ्याच्या काखेत उशी! मला बघून एजंट त्यांना म्हणाला, "हेच ते साहेब." आणि माझंच वाक्य मला ऐकवलं, "घर बघून कळत नाही, घरात झोपावं लागतं." अख्ख्या शहरात माझी पद्धत चालू झाली, आहात कुठे!

इमारतीत तर काय विचारू नका. संध्याकाळी पाव घरपोच, तोही गरम. सर्दी झाली तर चार नर्सा, माझ्यासाठी नाही, नाकासाठी. एखाद्या दिवशी कुशीवर झोपलो की चारला दाराखालून चिठ्ठी, "आज आवाज नीट आला नाही. तब्येत ठीक ना?" ह्या जगात माझ्या झोपेची इतक्या लोकांनी कधी पत्रास ठेवली नव्हती. मान आहे हो मला, मान.

फक्त मागच्या महिन्यात मेहुण्याने बोलावलं, दोघांनी या, चार दिवस राहा. मी साहेबांकडे अर्ज दिला, साहेबांनी बघितलासुद्धा नाही, सही. बॅग भरली. जिन्यात मेट्रनबाई भेटल्या, म्हटलं, जरा चार दिवस बाहेरगावी जातोय. बाईंनी बॅगेकडे बघितलं. मग वर बघितलं, खाली बघितलं. एकेक दार न वाजता उघडलं, पाववाला, नर्स, छापखानावाला, सगळे उंबरठ्यात. कोणी ओरडलं नाही, आमच्याकडे चारच्या आधी कोणी ओरडत नाही. पाववाला एवढंच म्हणाला, "चार दिवस?"

तर ही एकटीच गेलीय भावाकडे, मजेत आहे. मी इथेच. कारखान्याने सुट्टी मंजूर केली होती हो. इमारतीने नाही केली.